नेट गेलंय? डबा बंद करण्याआधी दिवे बघा

“दादा, नेट गेलंय बघा. जरा येऊन जावा की.”

सांगली-मिरजेत घरोघरी फायबरचं काम करायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्याआधी केबल टीव्हीच्या काळ्या वायरी ओढायचो. असा फोन आला की मी पहिलं एकच विचारतो, “डब्यावर कुठले दिवे लागलेत? लाल आहे का एखादा?” आणि पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, “आम्ही बंद करून ठेवलाय तो.”

डबा, म्हणजे नेटची वायर ज्याला जोडलेली असते ते यंत्र, बंद केला की काय बिघडलं होतं ते सांगणारी खूणच विझते. पुन्हा चालू केल्यावर कधी कधी सगळं सुरळीत होतं, दोन तासांनी परत जातं, आणि कारण ना तुम्हाला कळतं ना मला. म्हणून नेट गेलं की आधी मिनिटभर कशालाही हात न लावता डब्यासमोर उभं राहा. दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा. मग पुढचं.

हे मी फायबर असलेल्या घरांसाठी लिहितोय. भिंतीतून किंवा खिडकीतून आलेली बारीक वायर, तिच्या टोकाला हिरवं कनेक्टर, आणि ते ज्यात बसवलंय तो डबा. त्याला आम्ही ओएनटी म्हणतो, कुणी ओएनयू म्हणतं. काही घरांत वायफाय त्याच डब्यातून मिळतं, काही घरांत शेजारी ॲन्टेनावाला दुसरा राउटर असतो. तुमच्याकडे एक डबा आहे की दोन, हे आत्ताच उठून बघून या, कारण पुढे त्याच्यावर बरंच अवलंबून आहे.

आणखी एक. फोनवर वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसतात, तरी काही उघडत नाही, मग लोक म्हणतात “रेंज तर फुल आहे!” त्या रेषा फक्त डब्यापासून तुमच्या फोनपर्यंतचं सांगतात. नळाला पाइप जोडलेला आहे, एवढंच. टाकीत पाणी आहे का, हे त्या रेषांना माहीत नसतं.

दिवे काय सांगतात

ओएनटीवर साधारण पाच-सहा दिवे असतात: पॉवर, पॉन, लॉस, इंटरनेट, लॅन आणि वायफायचा. नावं डब्याप्रमाणे थोडी बदलतात, पण पॉन (PON) आणि लॉस (LOS) शोधा, ते दोन महत्त्वाचे.

फायबरमधून नेट प्रकाशाच्या रूपात येतं. लॉस लाल होऊन लुकलुकतोय, म्हणजे तो प्रकाश येतच नाहीये, किंवा इतका कमी येतोय की डब्याला तो वाचता येत नाही. इथे तुमचा फोन, वायफायचा पासवर्ड, राउटरची सेटिंग यांचा काही संबंध नाही. घरातली किंवा बाहेरची वायर, नाहीतर कनेक्टर. शंभर वेळा रीस्टार्ट केलं तरी फरक पडणार नाही. अशा वेळी शेजारी त्याच कंपनीचं नेट असेल तर त्यांच्याकडे चालू आहे का विचारा. एका फायबरवर स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटून देणारा तुकडा, लावून ३२ किंवा ६४ घरांना जोडणी दिलेली असते. शेजाऱ्यांचंही गेलं असेल तर बिघाड स्प्लिटरपाशी किंवा त्याच्या पलीकडे, कंपनीच्या ऑफिसच्या बाजूला कुठेतरी आहे, तुम्ही निवांत बसा. शेजाऱ्यांचं चालू आणि तुमचंच लाल, तर खांबावरच्या पेटीतून तुमच्या घरापर्यंत येणारी वायर बघायला हवी. तक्रार करताना हे एक वाक्य सांगितलंत तर आमचा माणूस योग्य सामान घेऊन योग्य जागी येतो.

लॉस विझलेला आहे पण पॉन लुकलुकतोय, स्थिर होत नाही: प्रकाश येतोय, पण ऑफिसमधलं मशिन तुमच्या डब्याला ओळखून आत घेत नाहीये. कधी प्रकाश काठावर असतो, कधी कंपनीकडे तुमच्या डब्याची नोंद बिघडलेली असते. पाच मिनिटं थांबून स्थिर झाला नाही तर तक्रार करा.

पॉन स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद: वायर ठणठणीत आहे, लॉगिन होत नाहीये. आधी रिचार्ज संपलाय का बघा. सांगायला साधं वाटतं, पण मी जिने चढून वर जातो आणि मुदत काल रात्री संपलेली असते, असं महिन्यात कितीतरी वेळा होतं. रिचार्ज केल्यावरही नेट आपोआप येईलच असं नाही. डब्याला पुन्हा लॉगिन करायला लावावं लागतं, म्हणजे एकदा बंद-चालू.

सगळे दिवे जिथल्या तिथे हिरवे आणि तरी नेट नाही, असं असेल तर गोष्ट जरा खोलात जाते. ती पुढे सांगतो.

एकाचं गेलंय की सगळ्यांचं?

दिवे बघून झाले की दुसरा फोन घ्या. तपासताना दोन्ही फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका, कारण वायफायवर नेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि तुम्हाला वाटतं वायफाय सुधारलं. घरात एकाचं चालतंय आणि एकाचं नाही, असा घोळ बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

एकाच फोनवर अडचण असेल तर राउटरला हातही लावू नका. त्या फोनवर ते वायफाय ‘विसरा’ आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, कारण ती चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. आणि ॲन्ड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून एक जागा असते. जाहिराती थांबवण्यासाठी कुणीतरी तिथे काहीतरी पत्ता टाकून देतं, पुढे तो पत्ता चालेनासा होतो आणि अख्ख्या घराचं नेट चालू असताना त्या एका फोनचं बंद. तिथे ‘ऑटोमॅटिक’ करून बघा.

काही घरांत सुरक्षेसाठी राउटरमध्ये ठरावीक फोनचेच मॅक ॲड्रेस, म्हणजे फोनचे ओळख-क्रमांक, नोंदवून ठेवलेले असतात. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट मॅक दाखवतात. वायफाय विसरून पुन्हा जोडलं, फोन रीसेट केला किंवा नवा घेतला की हा मॅक बदलू शकतो, आणि राउटर त्याला परका समजून बाहेर ठेवतो. त्या वायफायपुरतं ‘फोनचा खरा मॅक वापरा’ असं निवडलं की काम होतं.

आता दोन डबेवाल्यांसाठी. दिवाळीची साफसफाई झाली की मला फोन वाढतात. राउटर पुसायला सगळ्या वायरी काढलेल्या असतात आणि परत लावताना ओएनटीवरून येणारी वायर चुकीच्या भोकात जाते. राउटरच्या मागे चार भोकं एका रंगाची असतात, ती लॅन (LAN), घरातल्या लॅपटॉप-टीव्हीसाठी. एक भोक निराळ्या रंगाचं, बहुतेक निळं, ते वॅन (WAN). बाहेरून येणारी वायर वॅनमध्येच हवी. ओएनटी स्वतः राउटरचं काम करत असेल आणि ती वायर लॅनमध्ये गेली, तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्या फोनला ओएनटीने पत्ता दिला त्याचं नेट चालतं. ज्याला राउटरने दिला तो राउटरकडेच इंटरनेट मागत बसतो, आणि राउटरकडे ते नसतंच. मग “आईच्या फोनवर चालतंय, माझ्यावर नाही, सकाळी उलटं होतं” अशी तक्रार येते. एक वायर एका भोकातून काढून शेजारच्यात टाकायची, एवढाच इलाज. साफसफाईच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवलात तर तीही वेळ येणार नाही.

रीस्टार्ट करा, रीसेट नको

फोटो काढला, दुसरा फोन तपासला, तरी उमगलं नाही, तर आता खुशाल बंद-चालू करा. पण नीट. भिंतीवरच्या बटनाने दोन्ही डबे बंद करा आणि दोनेक मिनिटं थांबा. लगेच चालू केलं तर कंपनीच्या मशिनवर तुमचं जुनं लॉगिन अजून जिवंत असू शकतं आणि नव्याला ते आत घेत नाही. मग आधी ओएनटी चालू करा. पॉन स्थिर हिरवा होईपर्यंत वाट बघा, दोन-तीन मिनिटं जातात. त्यानंतर राउटर. दोन्ही एकदम चालू केले तर राउटर आधी जागा होतो, पुढून काहीच मिळत नाही आणि काही राउटर तिथेच अडकून बसतात.

डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं बारीक छिद्र असतं, त्याच्याशेजारी ‘रीसेट’ लिहिलेलं असतं. तिथे हात लावू नका. हे मी कळकळीने सांगतो. ते दहा सेकंद दाबून धरलं की डब्यात भरलेलं लॉगिनचं नाव, पासवर्ड, कंपनीची सगळी सेटिंग पुसली जाते. एका घरी दहावीच्या मुलाची दुसऱ्या दिवशी ऑनलाइन चाचणी होती. नेट दहा मिनिटांसाठी कंपनीकडूनच गेलं होतं, आपोआप आलंही असतं. मोठ्या भावाने व्हिडिओ बघून रीसेट दाबलं. रात्री दहाला ऑफिसमधून लॉगिन काढून देणारं कुणी नव्हतं. त्या मुलाने सकाळी शेजाऱ्यांच्या घरी बसून चाचणी दिली. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड जोडणी घेतानाच मागून घ्या आणि कागदावर लिहून बिलांच्या फायलीत ठेवा. 

ॲडॅप्टरकडे कुणी बघत नाही

नेट जातं तेव्हा सगळे दिवे एकदम विझून पुन्हा पहिल्यापासून लागतात का? मग डबा मधेच बंद पडून चालू होतोय. त्यात बहुधा डब्याचा दोष नसतो, ॲडॅप्टरचा असतो. बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात, काही ९ किंवा ५ वर. दोन-तीन वर्षं दिवसरात्र तापून ॲडॅप्टर अशक्त होतो. दिवे लावण्यापुरती ताकद त्याच्यात उरते, पण घरातले चार जण एकदम व्हिडिओ बघायला लागले की डबा जास्त करंट मागतो आणि व्होल्टेज कोसळतं. बदलताना डब्याखालचं लेबल वाचा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिन बसते म्हणून जुन्या सेटटॉप बॉक्सचा ॲडॅप्टर लावू नका.

बोर्डातली सैल पिनही तेच करते. ॲडॅप्टर बोटाने किंचित हलवून बघा. दिवे लुकलुकले तर सॉकेट बदलून घ्या. घरी इन्व्हर्टर असूनही वीज गेली की नेट तीन मिनिटं जातं, त्याचं कारण म्हणजे इन्व्हर्टर बदली होताना पडणारा क्षणभराचा खंड. पंख्याला तो जाणवत नाही, डबा मात्र नव्याने सुरू होतो. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घरून काम करणाऱ्यांनी तो घ्यावाच.

डबा फ्रीजवर, शोकेसच्या बंद कप्प्यात, देवघराच्या माळ्यावर ठेवू नका. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी गेलेलं नेट संध्याकाळी आपोआप येतं, अशा घरांत मी आधी डब्यावर तळहात ठेवून बघतो. हात ठेववत नसेल तर त्याला मोकळ्या हवेत आणतो, आणि बहुतेकदा तिथेच काम संपतं.

आजींचं कॅलेंडर

सांगलीतल्या विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरचं एक घर. तक्रार एकच, रोज संध्याकाळी नेट जातं आणि रात्री येतं. माझ्या आधी दोघे जाऊन आले होते. दिवसा गेले, प्रकाश मोजायचं मीटर लावलं, प्रकाश चांगला. एकाने ॲडॅप्टर बदलला, दुसऱ्याने डबाच बदलला. फोनवरून त्यांना सांगितलं गेलं की संध्याकाळी सगळे वापरतात, लोड येतो. पण लोड आला तर नेट हळू होतं, लॉस लाल होत नाही. इथे लॉस लाल होत होता, आणि हे नातवाने काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसत होतं.

मी गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, “बाळा, मी लिहून ठेवलंय बघ.” स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं कॅलेंडर. दुधाचे खाडे मांडतात त्याच चौकोनांत, पेन्सिलीने, बारीक अक्षरात: ‘६.१५ गेलं, ८.४५ आलं.’ दसऱ्यापासून दिवाळी होऊन गेल्यानंतरपर्यंत रोजचं.

मी ते चौकोन खालीवर बघत राहिलो. वेळ रोज तीच नव्हती. दसऱ्याच्या सुमारास सव्वासहा, दिवाळीनंतर सहाच्याही आत. दिवस लहान होत चालला तशी नेट जायची वेळ अलीकडे सरकत होती. कंपनीकडचं यंत्र घड्याळावर बिघडत असतं तर वेळ हलली नसती. हे काहीतरी सूर्याबरोबर चाललं होतं. आणि मधला एक चौकोन मोकळा होता.

“आजी, या दिवशी गेलं नव्हतं?”

“नाही. त्या दिवशी पाऊस पडून गेला ना, उकडत होतं नुसतं. खिडक्यासुद्धा लावल्या नव्हत्या.”

“एरवी लावता?”

“तिन्हीसांजेला लावतेच. दिवा लावला की खिडक्या. नाहीतर डास भरतात घरात. जेवणं झाली की उघडते.”

त्या उठल्या आणि हॉलची सरकती खिडकी ओढून दाखवली. कट्‌ असा आवाज आला, आणि कोपऱ्यातल्या डब्यावर लाल दिवा लागला. खिडकी उघडली, अर्ध्या मिनिटात पॉन पुन्हा हिरवा. फायबर त्या खिडकीच्या पट्टीतूनच आत आणलेली होती. मी हिरवं कनेक्टर काढून मीटरला लावलं. खिडकी उघडी असताना उणे २१ डीबीएम. खिडकी लावली, उणे ३०.

डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप. त्याचं गणित थोडं सांगतो, कारण ते कळलं की तुम्हाला कुणी उडवून लावू शकत नाही. हा आकडा उणे असतो. दर तीन डीबी खाली गेलं की प्रकाश निम्मा होतो. २१ वरून ३० म्हणजे नऊ डीबी, तीनदा निम्मा, म्हणजे आठवा भाग उरला. नेहमीचे घरगुती ओएनटी साधारण उणे २७ पर्यंत वाचू शकतात. त्या घरात वायर तुटलेली नव्हती, तुटली असती तर दिवसाही नेट नसतं. ती दाबली जाऊन वाकत होती, आणि फायबर जास्त वाकली की आतला प्रकाश वाकलेल्या जागी बाहेर गळतो. खिडकी उघडली की वायर सरळ, प्रकाश परत. म्हणून दिवसा आलेल्या दोघांनाही काही सापडलं नाही.

चौकटीच्या शेजारी भिंतीला भोक पाडलं, गच्चीवरच्या पेटीपासून नवी वायर टाकली आणि भोकाला पुटी भरली. पुढच्या महिन्याचं पान मी मुद्दाम जाऊन बघितलं. चौकोनांत फक्त दुधाचे खाडे होते.

अधूनमधून जाणाऱ्या नेटवर याच्याइतका दुसरा उपाय मला माहीत नाही: गेल्याची वेळ, आल्याची वेळ, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. गीझर लावला होता? मिक्सर? गॅलरीत कपडे वाळत घातले होते? कपाट सरकवलं होतं? एका आठवड्याच्या नोंदीत बरंच काही बोलतं होतं.

फायबर हाताळताना

वेटोळं करायचंच असेल तर बांगडीपेक्षा लहान करू नका. खिळ्यावर गुंडाळू नका, स्टेपलरची पिन मारू नका, दाराच्या फटीतून नेऊ नका. हिरवं कनेक्टर विनाकारण काढू नका. काढलंच तर टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका. धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. त्यामुळे हिरव्याला निळं जोडलं तर जुळल्यासारखं वाटतं, पण मधे फट राहून प्रकाश वाया जातो. आणि टोकात डोळा घालून ‘प्रकाश येतोय का’ हे कधीही बघू नका. तो लेझरचा आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. लहान मुलांना तर त्या वायरीपासून दूरच ठेवा.

बाहेरच्या वायरीचे वैरी भाग बघून ठरतात. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर लोंबणाऱ्या वायरी घेऊन जातात. गणपतीत मंडपाचे बांबू, पावसाळ्यात झाडाच्या फांद्या, वर्षभर उंदीर आणि खारी. घरासमोर वायर खाली आलेली दिसली तर बांधून टाकू नका, ओढू नका. फोटो काढून पाठवा. आणि ती विजेच्या तारेला लागलेली वाटली तर जवळच जाऊ नका.

सगळं हिरवं, तरी नेट नाही

लॅपटॉप असेल तर लॅनच्या वायरीने थेट डब्याला जोडा. वायरीने चालतंय आणि वायफायवर नाही, तर इंटरनेट ठीक आहे, वायफाय बघायचं. वायरीनेही नाही, तर विंडोजची काळी कमांड खिडकी उघडा आणि तीन गोष्टींना पिंग करा, म्हणजे ‘ping’ लिहून पुढे पत्ता टाका आणि उत्तर येतंय का बघा. आधी डब्यालाच: त्याचा पत्ता खालच्या लेबलवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१. उत्तर आलं नाही तर तुमची वायर किंवा डबा. उत्तर आलं तर ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या एका मशिनला, पिंग करा. डबा बोलतो पण हा बोलत नाही, म्हणजे डब्याच्या पुढे अडलंय, कंपनीला कळवा. हाही बोलला तर एखाद्या वेबसाइटला नावाने पिंग करा. आकड्याने जातंय, नावाने जात नाही, म्हणजे डीएनएस मेलंय. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी वही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, मिनिटात सुरू होतं. आधीपासून उघडं असलेलं व्हॉट्सॲप चालतंय पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही, ही याचीच घरगुती खूण.

लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डब्याने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने आपल्या मनाने घेतलाय. डबा बंद-चालू करा.

फक्त वायफाय कमजोर असेल तर थोडक्यात: ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंती ओलांडताना थकतं. २.४ चं लांब पोचतं, पण त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे सगळे राउटर असतात. २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, मधले नकोत. डबा टीव्हीमागे, लोखंडी कपाटाआड किंवा आरशाजवळ असेल तर हलवा. आमच्याकडच्या जुन्या दगडी वाड्यांत एका राउटरवर सगळ्या खोल्या होणारच नाहीत. तिथे मधल्या सोप्यापर्यंत लॅनची वायर टाकून दुसरा राउटर लावणं हेच खरं.

तक्रार अशी करा

“नेट बंद आहे” एवढंच सांगू नका. सांगा: “काल संध्याकाळी सातपासून लॉस लाल आहे, पॉवर ठीक, शेजाऱ्यांचं त्याच कंपनीचं चालू आहे, घरातली वायर कुठे दबलेली नाही.” एवढं ऐकल्यावर पलीकडचा माणूस तुम्हाला रीस्टार्ट करायला सांगत बसत नाही. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून लिहून घ्या. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो. तक्रार न सोडवता बंद केली तर तोच क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तोंडी “माणूस पाठवतो” यावर थांबू नका.

आणि आमच्यापैकी कुणी घरी आला, काम करून निघाला, की त्याला दारातच थांबवा. मीटरवरचा किंवा डब्याच्या सेटिंगमधला ‘आरएक्स पॉवर’चा, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा डीबीएममधला आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते २४-२५ च्या दरम्यान असेल तर बरं. उणे २६ असेल तर आज चालेल, पण पावसाळ्यात किंवा खिडकी लावल्यावर जाईल, तेव्हा जॉइंट पुन्हा करून मागा. चांगला कारागीर रागावत नाही, मीटर तुमच्यासमोर धरतो. तो आकडा तारखेसह कागदाच्या पट्टीवर लिहा आणि डब्याच्या पाठीवर चिकटवा. पुढच्या वेळी नेट गेलं की येणारा माणूस सगळ्यात आधी तीच पट्टी वाचेल.